अंशतः मंजूर

दिघोरी नाक्याजवळच्या त्या दुकानात
पाच कंपन्यांच्या गाड्या एका छताखाली,
आणि भिंतीवर, लक्ष्मीच्या फोटोला टेकून,
काचेत बसवलेलं एक सरकारी प्रमाणपत्र.
मी नमस्कार केला होता.
म्हणजे लक्ष्मीला केला, पण वाटेत तेही आलं.

हेमराज निखारे म्हणाला, ताई, पासिंग आठ दिवसांत.
लोकेशने हँडलला झेंडूचा हार बांधला,
नारळ माझ्या हातात दिला, फोटो काढला.
'हँडलिंग'चे म्हणून अडीच हजार वेगळे घेतले.
कशाचे, विचारलं, तर म्हणे गाडी हाताळण्याचे.
पंधरा वर्षं शाळांचे गणवेश शिवते मी,
कापड हाताळायचे पैसे कुणाला मागितले नाहीत.

आठ दिवसांचे आठ महिने झाले.
नंबर नसलेली गाडी म्हणजे काजं न केलेला शर्ट,
अंगात जातो, बंद होत नाही.
सक्करदरा चौकात शिपायाने अडवलं,
पावती फाडली, वरून म्हणाला,
"नंबर नाही अन् गाडी देल्लीच कशी तुम्हाले?"
वकिलाने पुढे याच प्रश्नाचे दोन हजार घेतले.

मग गाडी अंगणात उभी.
उरलेल्या खाकी-निळ्या तुकड्यांचं कव्हर शिवलं तिला.
गल्लीतली पोरं म्हणायची,
काकूची गाडी शाळेत जाऊन राहिली.

सिव्हिल लाइन्सला, ग्राहक आयोगात,
माझं नाव तक्रारदार झालं,
हेमराज विरुद्ध पक्ष क्रमांक एक,
आणि कामठी रोडवरचा कुणी मोठा डीलर क्रमांक दोन,
ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं.
काचेतलं प्रमाणपत्र त्याचं होतं,
त्याच्याच पत्त्याचं,
आणि माझ्या नारळाच्या दीड वर्ष आधी मुदत संपलेलं.
एक म्हणाला, मी फक्त गिऱ्हाईक पाठवतो.
दोन म्हणाला, मी यांना ओळखतच नाही.
दोघांचे वकील एका डब्यातून जेवत होते.
सेवभाजी होती. वास आमच्या बाकापर्यंत आला.

तारीख, पुढची तारीख.
मे महिन्यात कूलरसमोरचं बाक
जो आधी येईल त्याचं, तिथं पक्ष क्रमांक चालत नाही.

मग शपथपत्र.
'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे.'
पेन थांबलं.
गांधीबागेतल्या सेठची थप्पी आठवली, दर जूनची,
कापड कुठलंतरी, आणि सोबत पिशवीत
मोठ्या मिलच्या नावाची रेशमी लेबलं.
नगामागे चाळीस पैसे.
कॉलरच्या आत, बरोबर मध्यावर, चार टाके.
माझे टाके कधी उसवले नाहीत.
मनात म्हटलं, बाप्पा, हे कोणत्या कलमात बसते?
विचारलं नाही कुणाला.
सही केली. मजकूर खरा होता.
तेवढा मजकूर.

निकालात लिहिलं, तक्रार अंशतः मंजूर.
पंचेचाळीस दिवसांत नोंदणी करून द्यावी.
अडीच हजार परत.
शारीरिक व मानसिक त्रासापोटी पाच हजार,
अक्षरी पाच हजार फक्त.
दोनदा वाचलं.
या त्रासाचं माप कुणी घेतलं असेल,
टेप कुठून धरली असेल, खांद्यापासून की पोटापासून,
आणि शिवणीत किती दाबलं असेल.

नंबर आला. एमएच एकोणपन्नास.
कव्हर काढलं तेव्हा आत
हाराचा दोरा तेवढा राहिला होता, फुलं नव्हती.

जूनमध्ये सेठकडे गेले.
म्हटलं, शर्ट शिवून देते,
लेबल तुमचं तुम्ही लावा.
तो चष्म्यावरून पाहत राहिला.
"कोर्टात जाऊन आली वाटते," म्हणाला,
आणि निम्मी थप्पी दिली,
निम्मी मागे सारली.

घरी येताना
गाडीवर पुढे पाय ठेवायला जागा झाली होती.